बाभळीखालचा चौथा

१

रंगनाथ ढाकणे देवभोळा नव्हता. ड्रायव्हरनं देवाला हात जोडावेत, त्याला ना नाही, पण आधी ऑइल बघावं, असं त्याचं मत. "इंजनाला भूत लागत न्हाई, कचरा लागतो," हे त्याचं आवडतं वाक्य, आणि कुणी विचारो न विचारो, तो ते ऐकवायचाच.

बहात्तरच्या दुष्काळातला तो उन्हाळा. रंगनाथचं काम ठरलेलं. बेलापूरकडं उसाचं वाढं, म्हणजे शेंड्याचा हिरवा पाला, भरायचं, पाथर्डीजवळच्या गुरांच्या छावणीवर रिकामं करायचं आणि मोकळा ट्रक घेऊन माघारी फिरायचं. त्याच्या गावची निम्मी माणसं दरसाल कोयते घेऊन ऊस तोडायला जायची. हा एकटा लायसन काढून स्टेअरिंगमागं बसला होता, आणि त्याचा तोरा त्याच्या बसण्यातसुद्धा दिसायचा. त्याहून मोठा तोरा दुसऱ्याच गोष्टीचा होता. त्याच्या गाडीत बसलेलं माणूस पोचलं नाही, असं आजवर झालं नव्हतं. अडलेली बाळंतीण असो, नाहीतर शुद्ध हरपलेला म्हातारा असो. "बशीवलं म्हंजे पोचीवलं," असं तो म्हणायचा. त्यावर त्याची बायको केशरबाई म्हणायची, "सगळ्यांला पोचीवता, एकांद्या दिशी सोता बी येळंवर घरी पोचा."

त्या दिवशी गाडीवरचा किन्नर, म्हणजे क्लीनर, बहिणीच्या लग्नाला गेलेला, म्हणून रंगनाथ एकटाच होता. चाकावरच्या स्प्रिंगचा डावा पाटा बसल्यासारखा वाटत होता. तेव्हा नेहमीची शेवगावची वाट सोडून तो नगरला निघाला. नागापूरला एका वर्कशॉपात त्याच्या ओळखीचा मिस्त्री होता. टळटळीत दुपार. रस्त्याच्या दोन्ही अंगाला दुष्काळी कामावर फोडलेल्या खडीचे ढीग, आणि त्या ढिगांवरून उठणारी झळ. पाथर्डी मागं पडल्यावर एक ओढा लागतो. ओढा कसला, त्या साली नुसती वाळूची रेघ होती. तिच्या काठाला एक बाभूळ, आणि बाभळीखाली एक गोरी बाई उभी होती.

तिनं हात केला. आपल्या बाया एसटीला करतात तसा, तळवा खाली करून. रंगनाथनं ब्रेक दाबला.

"भाऊ, नगर. दवाखाना," ती म्हणाली, आणि चक्क मराठीत म्हणाली. "हा माझा भाऊ. आजारी. टेम्पोवाल्यानं मागं रस्त्यात उतरवलं. हा ओकला म्हणून."

बुंध्याला टेकून एक पोरगा बसला होता. विशीतला असेल. तोंड हळद फासल्यासारखं पिवळं, डोळे मिटलेले. कावीळ, रंगनाथनं ओळखलं. तिच्या पाठीवर एक पिशवी, पोटावर दुसरी, दोन्ही धान्याच्या पोत्याएवढ्या. पार युरोपातून ही भावंडं अशीच निघाली होती, मिळेल त्या गाडीला हात करत, नाही मिळाली तर पायी. सगळा हिवाळा ती पैठणला एका कोष्ट्याच्या घरी राहिली होती. मराठी तिथंच शिकली. नाव विचारलं तर म्हणाली, इंगा.

"इंगा? मंग आमाला बी दाखवता का काय," रंगनाथ हसला. तिला ते कळलं नाही, पण तो हसला म्हणून तीही हसली.

लोक अशा पोरांना हिप्पी म्हणून नावं ठेवतात. रंगनाथनंही ठेवली होती. पण त्या उन्हात, भावाला पाठुंगळी मारून, दोन पिशव्या ओढत तिनं ही एवढी एक सावली गाठली होती. आपल्याकडचे दोन दांडगे गडी रस्त्यातच बसून रडले असते. रंगनाथला तिच्याबद्दल जे वाटलं ते आदरच होता, दुसरं नाव नाही त्याला. "बसा," तो म्हणाला. "पोचीवतो."

२

पोराला उचलून कॅबिनमधे ठेवताना रंगनाथच्या मनात आलं, मी एक, ही दोघं. तीन झाले.

आता देव मानो न मानो, आईनं लहानपणी अंगात मुरवलेलं कुठं जातंय. तिघांनी मिळून कामाला निघायचं नाही. तीन तिगाडा, काम बिगाडा. निघावंच लागलं तर चौथा म्हणून एक खडा बरोबर घ्यायचा आणि मुक्काम यायच्या आधी, वेशीच्या अलीकडं, हातानं खाली ठेवून द्यायचा. त्याची आई भागूबाई बाजाराला निघतानासुद्धा कनवटीला खडा लावायची. एरवी रंगनाथनं हसून सोडून दिलं असतं. पण गाडीत पोटचं पोर वाटावं असं आजारी लेकरू होतं. कशाला विषाची परीक्षा बघा.

तो बाभळीखाली वाकला आणि हाताला लागला तो खडा उचलला. सीटवर मधोमध ठेवत म्हणाला, "चल रे गड्या, तू चौथा."

ठेवल्यावर त्याला दोन गोष्टी जाणवल्या. रस्त्याला सगळी फोडलेली खडी, धारेची, हाताला कापणारी. हा मात्र गोल गुळगुळीत, पुष्कळ दिवस कुणीतरी हातात खेळवल्यासारखा. आणि गार. सावलीतला आहे, गार असणारच, असं म्हणून त्यानं गाडी सुरू केली. बाभळीची सावली ती केवढी, हे काही त्यानं मनात येऊ दिलं नाही.

इंगा चढली. तिनं दार लावून घेतलं आणि अंग चोरून दाराला चिकटून बसली. कॅबिनची सीट चांगली लांबरुंद, पोरगा रंगनाथच्या बाजूला कलंडलेला. मधे एक माणूस मावेल एवढी जागा मोकळी होती.

"बाई, सरका की आत. ऐसपैस बसा."

तिनं त्या मोकळ्या जागेकडं पाहिलं, मग रंगनाथकडं. "नको," ती म्हणाली. "मला बरं आहे."

लाजली असेल, असं त्याला वाटलं.

३

घाटाच्या पायथ्याला करंजी. तिथं रतनबाईचं चहाचं हॉटेल, म्हणजे चार पत्रे आणि दोन बाकडी. त्या उन्हाळ्यात ती माणूस पारखून पाणी द्यायची, पण आजारी माणसाला नाही म्हणायची नाही. रंगनाथ उतरला, इंगा उतरली. पिशव्या कॅबिनमधे अडचण करतात म्हणून तिनं दोन्ही खाली घेतल्या आणि बाकड्याला टेकवल्या.

रतनबाईनं चहा आणला. चार कप.

"चौथा कुनाला?" रंगनाथनं विचारलं.

"त्यो बसलाय की गाडीत. पोराचं डोकं मांडीवर घिऊन." रतनबाईनं कप बाकड्यावर मांडले. "उतरंना म्हनून मीच पान्याचा तांब्या दिऊन आले. नवा किन्नर का रं? लई गप मानूस हाय. तोंडातून बरं न्हाई का वाईट न्हाई."

"कोन किन्नर? माझा किन्नर लग्नाला गेलाय."

"मंग ह्यो कोन?" असं म्हणून ती चुलीकडं वळली. दूध उतू चाललं होतं.

रंगनाथ गाडीकडं गेला. रतनबाईला दिसतं कमी, तिला मोतीबिंदू झालाय, हे त्याला ठाऊक होतं. काचेवर ऊन मारत होतं, त्यात माणसाला काहीही दिसतं. त्यानं दार उघडलं. पोरगा एकटाच सीटवर आडवा होता. रिकामा तांब्या पायापाशी. प्यालं असेल पोरानं, असं म्हणून रंगनाथनं तो उचलला, आणि उचलता उचलता त्याचं लक्ष पोराच्या डोक्याकडं गेलं.

डोकं सीटला टेकलेलं नव्हतं. वीतभर वर होतं, मान सैल, आरामात. उशाला पिशवी असेल, रंगनाथ मनात म्हणाला. पिशवीच असणार.

मग त्याला आठवलं की दोन्ही पिशव्या तिकडं बाकड्याला टेकलेल्या आहेत. त्यानं पुन्हा बघितलं नाही. दार हळू लावलं, कुणाची झोपमोड होऊ नये तसं, आणि येऊन आपला चहा प्याला. इंगा चौथा कप घेऊन गाडीकडं गेली आणि रिकामा घेऊन आली. रतनबाई पैसे घेईना. "त्या पोराला आधी न्ये," एवढंच म्हणाली.

४

घाट चढताना ट्रक डावीकडं झुकत होता. पाटा, रंगनाथ स्वतःला म्हणाला. पाटा बसलाय. मोकळ्या गाडीत पाटा एवढा बसत नाही, हेही त्याच्यातला ड्रायव्हर म्हणाला, पण त्याला गप केलं.

इंजिनाची धग पायाला भाजत होती. बाहेर झाडं सुकून काटक्या झालेली. आणि कॅबिनमधे गारवा होता. थंडीच्या दिवसांत पहाटे विहिरीच्या पायऱ्या उतरताना लागतो तसला. रंगनाथच्या डाव्या दंडावर काटा आला तो जाईना.

"ताप उतरला," इंगा खुशीत म्हणाली. तिनं भावाच्या कपाळावर हात ठेवला होता. "बघ. गार झाला."

रंगनाथनं डावा हात बाजूला नेऊन पोराच्या गळ्याला लावला. ताप उतरल्यावर माणूस घामेजतो. हा कोरडा होता आणि नुसता गार होता. श्वास चालू होता, पण एक झाला की दुसऱ्याची वाट बघावी लागत होती. रंगनाथनं बाळंतिणी नेल्या होत्या, म्हातारे नेले होते. हे काय चाललंय ते त्याला समजत होतं. पोरगा हातातून निसटत होता.

त्यानं ॲक्सिलेटर दाबला. घाटात त्याहून जास्त काही होत नाही.

इंगा पुढं वाकून फडकं ओलं करत होती. मग सहज, गाडीत शेजाऱ्याबद्दल विचारावं तसं तिनं विचारलं, "भाऊ, हा कुठं उतरणार?"

"कोन?"

"हा तुझा माणूस."

रंगनाथनं स्टेअरिंग वळवलं. एक वळण गेलं, दुसरं गेलं. आता त्याला तिचं दाराला चिकटून बसणं कळलं. ती लाजली नव्हती. तिनं त्या बाभळीपासूनच त्याला पाहिलं होतं आणि ड्रायव्हरचा माणूस म्हणून जागा करून दिली होती. रतनबाईनंही पाहिलं होतं. दिसत नव्हता तो फक्त ज्यानं बोलावला त्याला.

"कसा दिसतो त्यो?" त्यानं हळूच विचारलं.

तिला प्रश्न चमत्कारिक वाटला असावा. "तरुण," ती म्हणाली. "डोक्याला फडकं. धूळ फार. चांगला आहे. केव्हापासून भावाचं डोकं धरून बसला आहे."

५

घाटाच्या माथ्यावर रंगनाथनं गाडी बाजूला घेतली. इंजिन तापलं, असं तो म्हणाला, पण त्याला खडा शोधायचा होता. खडा हातानं खाली ठेवायचा, वेशीच्या आत न्यायचा नाही. अजून नगरची वेस लांब होती. अजून वेळ होता.

सीटवर खडा नव्हता. खाली नव्हता. मग त्याला पोराची उजवी मूठ दिसली. रंगनाथनं ती उघडायचा प्रयत्न केला. गिअरचा दांडा वाकवणारे त्याचे हात, दोन्ही लावले, पण त्या वाळक्या पोराचं एक बोट हललं नाही.

"काय करतोस?" इंगा म्हणाली.

"बाई, त्यो मानूस माझा न्हाई."

"मग कोणाचा?"

"कुनाचाच न्हाई. मला दिसत बी न्हाई त्यो." आणि मग त्यानं जमेल तसं सांगितलं, आईचं, तिघांचं, बाभळीखालच्या खड्याचं. सांगताना त्याला स्वतःचीच लाज वाटत होती, आणि भीतीही वाटत होती.

ती किंचाळेल असं त्याला वाटलं. दार उघडून पळेल, नाहीतर त्याला येडा ठरवेल. यातलं तिनं काही केलं नाही. तिनं मधल्या मोकळ्या जागेकडं बराच वेळ पाहिलं. मग जरा पुढं झुकून, आदरानं, स्टँडवरच्या अनोळखी माणसाला विचारावं तसं तिनं त्या जागेला विचारलं, "तुम्हाला कुठं जायचं आहे?"

चौथा घ्यायचा आणि चौथा टाकायचा, एवढंच त्याला घरात शिकवलं होतं. त्याला विचारायचं असतं, हे आईला माहीत नव्हतं, आजीला नव्हतं, गावात कुणालाच नव्हतं. हे सातासमुद्रापलीकडच्या एका पोरीला सुचलं. का, तर ती स्वतः गावोगाव रस्त्याच्या कडेला उभी राहिली होती.

इंजिनातून टिक टिक आवाज येत होता. मग इंगाच्या तोंडावरचा रंग गेला.

"काय म्हनला?"

"बोलला नाही. बोट ठेवलं." तिनं आपलं बोट भावाच्या छातीवर टेकवून दाखवलं. "इथं. हा जाईल तिथं."

"बाई, त्या मुठीतला खडा काढला पायजे. आत्ताच्या आत्ता. हितंच खाली ठिवू."

ती आधी "नाही" म्हणाली. मग आपल्या भाषेत त्या जागेशी बोलायला लागली. हळू आवाजात, न रागावता, हट्टी पोराची समजूत घालावी तसं. रंगनाथला एक शब्द कळत नव्हता, पण तो कॅबिनबाहेर उभा राहून ऐकत होता. शेवटी तिनं भावाच्या मुठीखाली आपला तळवा धरला. ओढलं नाही, उघडलं नाही. नुसता धरला. मूठ आपसूक सैल झाली आणि खडा तिच्या हातात पडला.

"आता माझ्याबरोबर," ती मराठीत म्हणाली. बहुतेक रंगनाथला कळावं म्हणून.

"ठिवा त्यो खाली, बाई. पाया पडतो."

"नको." तिनं खडा खिशात घातला. "अर्ध्या रस्त्यात कोणाला उतरवायचं नसतं. कसं वाटतं मला माहीत आहे."

पोरानं खोल श्वास घेतला, बुडता माणूस वर आल्यावर घेतो तसा. डोळे उघडून त्यानं काहीतरी मागितलं. पाणी मागितलं असावं, कारण इंगा रडत रडत हसली आणि तिनं कॅबिनमधे टांगलेली पाण्याची पिशवी त्याच्या तोंडाला लावली.

६

नगरच्या दवाखान्यात पोराला आत घेतलं. दारावरची नर्स म्हणाली, पेशंटजवळ फक्त बहीण थांबेल, तुम्ही दोघं बाहेर व्हा. रंगनाथनं आजूबाजूला पाहिलं. तो एकटाच उभा होता. तो "बरं" म्हणून बाहेर आला.

वर्कशॉपात मिस्त्रीनं गाडीखाली शिरून सगळे पाटे ठोकून पाहिले. "काय झालंय पाट्याला?" तो म्हणाला. "नव्यासारखा हाय."

रंगनाथनं घरी जाऊन केशरबाईला काही सांगितलं नाही. पण ती पोरगी त्याच्या डोक्यातून जाईना. भीती होतीच. भीतीच्या वरताण होतं ते कौतुक. लोक म्हणतात मरणाला बाई घाबरते, पुरुष घाबरत नाही. रंगनाथ कोणाशी वाद घालत नव्हता, पण त्यानं घाटमाथ्यावर जे बघितलं ते बघितलं. तिनं नुसतं भावावरचं आपल्यावर घेतलं नव्हतं. घेताना त्या चौथ्याला हाडहूडही केली नव्हती. असं काळीज देव कुठल्या मातीतून काढतो, ते त्याला कळत नव्हतं.

पुढं कधीतरी दवाखान्यात चौकशी केली तर कळलं, पोरगा बरा झाला, त्यांच्या लोकांनी मुंबईहून विमानात बसवून दिला. आणि बहीण? बहीण गेली नाही. पिशवी पाठीला लावून पायी निघून गेली.

"एकलीच?"

वॉर्डबॉयनं जरा विचार केला. "एकटी कशी? होता की तो तिच्याबरोबर."

७

मृग जवळ आला होता, पण आभाळात कापसाएवढा ढग नव्हता. रंगनाथ छावणीवर वाढं टाकून मोकळा निघालेला, त्या दिवशीही किन्नराशिवाय एकटाच, शेवगाव सोडून नगरच्या वाटेनं. दुपार तीच, खडीचे ढीग तेच. तिसगावच्या पुढं एका ढिगावर ती बसलेली दिसली.

त्यानं गाडी थांबवली आणि उतरून जवळ गेला. आधी त्यानं ओळखलंच नाही. तांबडी पोरगी राखेसारखी झाली होती. तिनं मान वर केली, तर डोळ्यांची बुबुळं सोडून सगळं पिवळं.

"भाऊ," ती म्हणाली, आणि तिला आनंद झाला तो खरा होता. "माझा भाऊ घरी. जेवतो. भांडतो."

"आन तुमी?"

"आम्ही चालतो. गावोगाव. मी रोज विचारते, तुझं घर कुठलं. तो सांगत नाही." तिला बोलताना दम लागत होता. "वाईट नाही तो. पिशवी पण घेतो माझी. पण गार आहे फार."

पिशवी ढिगाजवळ होती. सरळ उभी, पट्टे ताणलेले, कशालाही न टेकलेली. रंगनाथनं तिकडून नजर काढली.

"चला. नगरला नेतो. गाडी मोकळी हाय."

ती हसली. "नको. आम्ही दोन, तू एक. तीन झाले. तू परत दगड घेशील."

खोटं कशाला बोला, रंगनाथच्या मनात पहिलं आलं ते पळून जायचं. गाडी गिअरमधे टाकावी, मागं न बघता करंजीचा घाट चढावा. घरी केशरबाई होती, थोरल्या पोरीचं लग्न व्हायचं होतं. त्यानं किती लोकांना पोचवलं होतं, एक नाही पोचलं तर जग काही बुडत नव्हतं. त्या दिवशी "पोचीवतो" म्हणाला होता, तेवढं त्यानं केलंही होतं.

पण ही पोरगी मरत होती. आणि ती ज्याच्यामुळं मरत होती त्याला गाडीत बोलावलं होतं रंगनाथनं, स्वतःच्या तोंडानं, चल रे गड्या म्हणून. तिनं तर नुसती शेजाऱ्याला जागा करून दिली होती.

त्यानं हात पुढं केला. "खडा द्या."

"नाही."

"बाई, बोलीवला मी. बशीवला मी. तुमचा काय संबंध न्हाई. द्या."

तिनं त्याच्याकडं बघितलं, घाटमाथ्यावर त्या मोकळ्या जागेकडं बघितलं होतं तसं, सावकाश, नीट. मग शेजारी पाहिलं, जणू कुणाची परवानगी घेतली. खिशात हात घातला आणि खडा त्याच्या तळव्यावर ठेवला.

गारवा कोपरापर्यंत चढला. रंगनाथनं दात खाल्ले आणि खडा सदऱ्याच्या खिशात टाकला, छातीशी. वाकून दुसरा उचलला नाही. तीन तर तीन, तो मनात म्हणाला. मग त्यानं इंगाला लेकीसारखी उचलून कॅबिनमधे खिडकीशी बसवली. तिचं अंग कढत लागलं, आणि तो कढतपणा त्याला इतका बरा वाटला की त्याचे डोळे भरून आले. दार त्यानं लगेच लावलं नाही. जरा धरून उभा राहिला. ट्रक डाव्या अंगाला किंचित खाली बसला, आणि मग त्यानं दार लावलं.

वळसा घालून तो आपल्या जागेवर आला. किल्ली फिरवली. इंजिन लागलं. इंगाला तेवढ्यात झोप लागली होती, डोकं खिडकीच्या चौकटीला, श्वास एकामागून एक, ठीक.

मग रंगनाथनं डावीकडं मान वळवली.

तो तिथं होता. तरणा गडी, डोक्याला फडकं, भुवयांवरसुद्धा धूळ. दोन्ही हात गुडघ्यांवर. पिशवी पायांत उभी धरलेली. तो समोर रस्त्याकडं बघत होता, फार वेळ उभं राहून कशीबशी गाडी मिळालेला माणूस बघतो तसा, आता निघते का मग निघते म्हणून. त्याच्या चेहऱ्यात भ्यावं असं काही नव्हतं, आणि रंगनाथला तेच बघवेना.

"कुठं जायचं, पाव्हनं?" त्यानं विचारलं.

त्यानं रस्त्यावरची नजर काढली नाही. हात तेवढा उचलला, आणि रंगनाथच्या छातीवर, खड्याच्या जरा वर, बोट टेकवलं.

रंगनाथनं क्लच दाबला, गिअर टाकला.

"बरं," तो म्हणाला. "पन आधी हिला पोचीवू."